जुन्या नोकियावर नेट: आतला ब्राउझर की ऑपेरा मिनी?

तासगावच्या मामांकडे जुना बटनांचा नोकिया आहे. सांगली मार्केट यार्डातले बेदाण्याचे भाव त्यावर बघायचेत, तर फोनमधलाच ब्राउझर वापरू की जावावालं (जुन्या साध्या फोनांवर चालणारं) ऑपेरा मिनी हे ब्राउझर-अॅप टाकू, असं त्यांनी विचारलं.

आधी पान उघडतं का ते बघू, कारण खरी अडचण तिथंच आहे. आतला ब्राउझर थेट साइटशी बोलतो. आजच्या साइट्सना नवं टीएलएस (फोन आणि साइटमधलं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत) लागतं, ते जुन्या फोनला येत नाही, आणि साइट खरी आहे का ते ओळखायची फोनमधली प्रमाणपत्रंही मुदत संपलेली असतात. म्हणून बहुतेक पानं उघडतच नाहीत. २००६ साली जगभर आलेलं ऑपेरा मिनी पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर उघडतं, आवळून लहान करतं आणि मग फोनला पाठवतं. टूजीवर हा फरक लगेच जाणवतो, डेटाही कमी जातो.

मेहनत मात्र ऑपेराला जास्त. जार फाइल (जावा अॅपची फाइल) मिळवा, मेमरी कार्डावर टाका, परवानगी विचारली की 'हो' म्हणा. आतल्या ब्राउझरला यातलं काहीच नको. (जिओचं सिम दोन्हीला चालणार नाही, त्यांच्याकडे टूजीच नाही.)

सुरक्षेत ऑपेरा कच्चं: पानावरचा गुप्त मजकूर ऑपेराच्या मधल्या सर्व्हरवर उघडा होतो. मामा, बँकेचा पासवर्ड त्यात कधीच टाकू नका.

भाव, बातम्या, हवामान वाचायला ऑपेरा मिनी घ्या. साधी, एचटीटीपीएस नसलेली (म्हणजे टीएलएस न लागणारी) पानंच बघायची असतील तर आतला ब्राउझर पुरे. पैशाचे व्यवहार बँकेत जाऊनच करा.