वोगाफ्योस: गोठ्याला लागून असलेलं हॉटेल

उत्तर आइसलँडमध्ये लिफ्ट मागत फिरणार असाल, तर मिवाट्न तळ्याकाठच्या वोगाफ्योसला एकदा तरी बसून नीट जेवा. एका शेतकरी कुटुंबाचं हे हॉटेल त्यांच्या गोठ्याला लागूनच आहे. मधे फक्त काच. अलीकडे आपण जेवतोय, पलीकडे गाई रवंथ करतायत.

मी आणि माझा मित्र अकुरेरीहून निघालो होतो. इथं अंगठा दाखवला की लोक थांबतात, पण रस्त्यावर गाड्याच कमी. गोदाफोस धबधब्यापाशी वाऱ्यात बराच वेळ काढल्यावर मेंढ्या पाळणाऱ्या एका आजोबांनी पिकअपमध्ये घेतलं. त्यांच्याकडून वाटेत सगळा मुलूख समजला. १७२४ ते १७२९ या काळात इथली जमीन फुटत होती. लाव्हा तळ्याकाठच्या रेक्याह्लीद गावापर्यंत आला, घरं गिळली आणि चर्चला मात्र वळसा घालून पुढे गेला. १९७५ ते १९८४ मध्ये क्राफ्ला ज्वालामुखीचा उद्रेक पुन्हा सुरू झाला, तो तर त्यांनी स्वतः पाहिलेला. तळंही लाव्हानेच घडवलेलं, साधारण २३०० वर्षांपूर्वीचं. ह्वेरीरला उकळता चिखल बघून आम्ही हॉटेलात पोचलो तेव्हा जॅकेटला गंधकाचा वास येत होता आणि पोटात कावळे ओरडत होते.

पहिल्यांदा मागवायचा तो गेइसिर ब्रेड. राईच्या पिठाचा, काळपट तपकिरी आणि गोडसर. हा भट्टीत होत नाही. पीठ डब्यात भरायचं आणि गरम जमिनीत पुरून ठेवायचं, साधारण दिवसभर. खालच्या वाफेवर तो हळूहळू शिजतो, त्यामुळे कडक कवच धरतच नाही. कडेपासून मधोमध सगळीकडे सारखाच ओलसर आणि घट्ट. सुरी लावली की चिकटते, म्हणून काप जाडच येतात. वर लोणी सढळ हाताने लावा. नुसता ब्रेड-लोणी खाऊन मी उठलो असतो तरी पैसे वसूल होते. डोळ्यांसमोर वाफा सोडणारी जमीन आणि तिच्याच धगीवर झालेला घास ताटात, हे मला फार भावलं.

त्यावर ‘चार’ (char) नावाचा धुरावलेला मासा घ्या. या भागात मासे आणि मेंढीचं मांस वाळलेल्या मेंढीच्या लेंड्यांच्या धुरावर धुरवण्याची जुनी रीत आहे, कारण जाळायला लाकूड कुठलं? चव उग्र, खारट, आणि ब्रेडच्या गोडव्याबरोबर अगदी जमून येते. मित्राला पहिला घास जड गेला, नंतर त्याने माझ्या ताटातलाही उचलला. मांस-मासे खात नसाल तर घरच्या दुधाचं मोझरेला आणि टोमॅटो मागवा. चीज मऊ आणि ताजं होतं, कुठलाही आंबूस वास नाही.

मला मात्र ओढ होती ती दुधाची. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या वेळी ताजं दूध चाखायला देतात. मी कोल्हापूरचा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध पीत लहानाचा मोठा झालो. इथलं गाईचं दूध त्या मानाने पातळ, फेसही कमी, पण कोमट आणि स्वच्छ गोड. काचेतून गाई नीट बघितल्या. तांबड्या, पांढऱ्या, पट्टेरी, बहुतेक बिनशिंगी. हजारेक वर्षांपूर्वी वस्ती करायला आलेल्या लोकांनी आणलेल्या गाईंचाच हा वंश, बाहेरचं रक्त जवळपास मिसळलेलं नाही. अंगावर चमक होती, खालची जागा कोरडी होती. दूधवाल्यांच्या गावातला माणूस आधी तेच बघतो.

आइसलँडमध्ये बाहेर जेवणं महागच, इथंही खिशाला चटका बसतो. आम्ही ब्रेड, मासा आणि चीज वाटून घेतलं, ते दोघांना पुरलं. मोठ्या डिशच्या मागे लागायची गरज नाही.

लिफ्टने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. हे हॉटेल एक नंबरच्या रिंग रोडवर नाही, रेक्याह्लीदहून तळ्याच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे जाणाऱ्या ८४८ नंबरच्या रस्त्यावर आहे. गाडीवाला सरळ पुढे जाणार असेल तर गावातच उतरा. तिथून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. उन्हाळ्यात तळ्यावर चिलटांचे ढग उठतात, तेव्हा डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ हवीच. जेवण झाल्यावर त्याच रस्त्याने पुढे दिम्मुबोर्गिरचे लाव्हाचे सुळके लागतात. तिकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या असतात, त्यामुळे हॉटेलच्या फाट्यावर अंगठा दाखवून उभे राहिलात तर पुढची लिफ्ट मिळण्याची आशा बरी.