नेटवर्क प्लेअर: नागपुरात तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

नेटवर्क प्लेअर म्हणजे इंटरनेटवरचे किंवा घरातल्या फाइलींतले गाणे स्पीकरच्या संचापर्यंत आणणारी पेटी. माझा संच असा: रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक (2 जीबी रॅम पुरते; पुढे नुसते ‘पाय’), त्यावर गाणी वाजवणारी पायकोरप्लेअर ही सिस्टीम आणि गाण्यांचा साठा सांभाळणारा लिरियन म्युझिक सर्व्हर हा प्रोग्राम, यूएसबीने जोडलेला पण स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा डॅक (डिजिटल आकड्यांचा अँपला लागणारा सिग्नल करणारी पेटी), पुढे साधा स्टिरिओ अँप आणि बुकशेल्फ स्पीकर. लिरियन म्हणजे जुना लॉजिटेक मीडिया सर्व्हरच, 2024 मध्ये नाव बदलले. दिवाळीनंतर जोडलेला हा संच आता मे महिना आणि पावसाळाही पाहून बसला आहे. आवाजाबद्दल तक्रार नाही. लिहिण्यासारखे आहे ते आवाजाच्या आधीचे: सेवेच्या सर्व्हरवरून निघालेले गाणे डॅकपर्यंत येताना कुठे छाटले जाते, आणि आपल्या घरांत ते कशाने अडते.

पेटीवर 192 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो दर) छापलेले असते ते पेटीला झेपते एवढ्यापुरते. तेवढे आत यायला तशी सेवा लागते, आणि घोडे तिथेच पेंड खाते. परदेशी परीक्षणांत नेटवर्क प्लेअर म्हटला की कोबझ आणि टायडल गृहीतच धरलेले असतात. या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. व्हीपीएन आणि परदेशी कार्डाचा वळसा घेणारे आहेत, पण नूतनीकरणाच्या दिवशी कार्ड नाकारले गेले की जमवलेल्या सगळ्या प्लेलिस्ट अधांतरी. त्या भरवशावर संच उभा करू नये. आपल्याकडे सरळ मार्गाने मिळणारे हाय-रेझ (सीडीच्या 16 बिट/44.1 पेक्षा बारीक) म्हणजे मुख्यतः ॲपल म्युझिक: 2021 पासून, 24 बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई)/192 पर्यंत, त्याच वर्गणीत. स्पॉटिफायने 2025 मध्ये लॉसलेस (काहीही न गाळता दाबलेले) आणले ते 24 बिट/44.1 पर्यंत; आपल्या प्लॅनमध्ये ते येते का हे आधी पाहावे, आणि ते सेटिंग प्रत्येक उपकरणावर वेगळे चालू करावे लागते हेही लक्षात ठेवावे. जिओसावन 320 केबीपीएसवर थांबते.

आता हे पायपर्यंत कसे येते ते पाहा. ॲपल म्युझिक पायवर येते एअरप्लेने (ॲपलची वाय-फायवरून आवाज पाठवण्याची पद्धत), आणि पायवर एअरप्लेचे काम करणारा शेअरपोर्ट-सिंक हा प्रोग्राम सहसा 16 बिट/44.1 घेतो. म्हणजे फोनवर ‘हाय-रेझ लॉसलेस’चा बिल्ला झळकत राहतो आणि डॅकच्या पडद्यावर 44.1. स्पॉटिफाय येते लिबरेस्पॉट नावाच्या मुक्त प्रोग्रामवरून, तो 320 केबीपीएस ऑग व्हॉर्बिस हे छाटून दाबलेले स्वरूपच घेतो; लॉसलेसचे पैसे भरले तरी पायला त्याचा पत्ता नसतो. स्पॉटिफाय लॉसलेसच हवे असेल तर त्याला अधिकृत पाठिंबा असलेली तयार पेटी घ्या, पाय नको. बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका, डॅकचा आकडा पाहा. आकडा न दाखवणारा डॅक या कामाला घेऊच नये, निदान दरानुसार रंग बदलणारा दिवा तरी असावा.

याच कारणाने पायच्या डोक्यावर बसणारे हॅट-डॅक घेण्याऐवजी वेगळा यूएसबी डॅक घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे. हॅट फक्त पायचा असतो. वेगळ्या डॅकमध्ये आज पायची वायर, उद्या आयफोनची. आणि पूर्ण दराने ॲपल म्युझिक ऐकायचा बिनकटकटीचा रस्ता आयफोन किंवा आयपॅडमधूनच जातो. आयफोन 15 पासून साधी यूएसबी-सी वायर चालते. त्याआधीच्या फोनला लायटनिंग ते यूएसबी 3 कॅमेरा अडॅप्टर लागतो; त्याला चार्जिंगचे भोक आहे, म्हणून तोच घ्या. हेडफोनचा छोटा 3.5 मिमी अडॅप्टर 24/48 च्या पुढे जात नाही. सेटिंगमध्ये म्युझिकखाली ऑडिओ क्वालिटी उघडा, लॉसलेस चालू करा आणि वाय-फाय स्ट्रीमिंगसाठी ‘हाय-रेझ लॉसलेस’ वेगळे निवडा. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि डाउनलोड यांच्या निवडी निरनिराळ्या आहेत. साउंड चेक बंद, डॉल्बी ॲटमॉस बंद. यानंतर गाण्यागणिक डॅकचा आकडा आपोआप बदलतो.

अँड्रॉइडवर असे होत नाही. तिथला मिक्सर (सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करणारा भाग) सहसा सगळे 48 वर आणून सोडतो. अँड्रॉइड 14 मध्ये बिट-परफेक्ट यूएसबीची, म्हणजे आकडे जसेच्या तसे डॅकला देण्याची, सोय आली, पण ती ॲपने वापरली तरच उपयोग. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दर हाताने बदलावा लागतो. दर गाण्याला कोण उठणार?

मग पाय कशाला, असे कोणी विचारेल. बँडकॅम्पवरून विकत घेतलेले 24 बिटांचे अल्बम, जुन्या सीडींच्या फ्लॅक (लॉसलेस प्रकारच्या) फाइल आणि रेडिओ पॅराडाइजचा फुकट फ्लॅक प्रवाह, या तीन कामांत त्याला तोड नाही. फोन खिशात, घरातल्या कोणाच्याही मोबाइलवरून मटेरियल स्किन (लिरियनचा ब्राउझरमधला पडदा) उघडा आणि लावा. ख्यालाचे विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर कापलेले असतात, तिथे मधे खंड पडत नाही, ही मोठी गोष्ट. साध्या यूपीएनपी (घरच्या नेटवर्कवरून गाणी पाठवण्याची एक पद्धत) ॲपने तेच लावले तर जोडावर अनेकदा अर्धा सेकंद गिळला जातो आणि समेचा चुराडा होतो.

दोन सेटिंग मात्र विसरू नयेत. लिरियनच्या प्लेअर सेटिंगमध्ये आवाजाची पातळी 100 टक्क्यांवर ‘फिक्स’ करा आणि कमी-जास्त अँपवरूनच करा, नाहीतर सर्व्हर बिटांशी खेळतो. आणि पायकोरप्लेअरमध्ये काहीही बदलले की ‘बॅकअप’ दाबा. ही सिस्टीम रॅममध्ये चालते. न दाबता लाईन गेली की केलेले सगळे पुसले. पण तिचा फायदाही तोच आहे. कार्डावर सतत लिहिले जात नसल्याने अचानक वीज गेली तरी एसडी कार्ड सहसा बिघडत नाही. लिरियन त्याच पायवर असेल तर त्याचा डेटाबेस मात्र लिहिला जातो, म्हणून तो आणि गाणी यूएसबी एसएसडीवर ठेवा.

इंटरनेटच्या वेगाची उगाच धास्ती घेतली जाते. 24/192 स्टिरिओ न दाबता 9.2 एमबीपीएस होते. ॲपलच्याच हिशोबाने तीन मिनिटांचे हाय-रेझ गाणे साधारण 145 एमबी, म्हणजे सुमारे 6.5 एमबीपीएस. 40 एमबीपीएसचा फायबर प्लॅन भरपूर झाला. तासाला होतात जवळपास 3 जीबी. रोज चार तास ऐकले तरी महिन्याला 350 जीबीच्या आसपास, आणि अनेक फायबर प्लॅनची मर्यादा 3300 जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या 2 जीबीवर मात्र पाऊण तासही निघत नाही.

गाणे थांबते ते घरातल्या घरात. सगळ्यात जास्त दिसणारे दुखणे म्हणजे दोन राउटर: हॉलमध्ये फायबरवाल्याने लावलेला एक, आणि आतल्या खोलीसाठी बाजारातून आणलेला दुसरा. दुसऱ्याच्या वॅन भोकात (बाहेरचे इंटरनेट घ्यायचे भोक) वायर घातली की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. फोन एकावर, पाय दुसऱ्यावर. इंटरनेट दोन्हीकडे चालते, पण ॲपला प्लेअर सापडत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तसा मोड नसेल तर त्याचे डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला दुसऱ्या कोणाचाही नसलेला पत्ता द्या आणि वायर लॅन भोकात (घरातली उपकरणे जोडायचे भोक) घाला. गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल तरीही हीच लक्षणे दिसतात. पायचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाका.

वाय-फायवर 24/192 फाइल शेजारच्या खोलीत चालते, दोन भिंती आणि स्लॅब ओलांडून अडखळते. फ्लॅट स्कीममध्ये 2.4 गिगाहर्ट्झवर एवढी गर्दी असते की चॅनेल 1, 6 किंवा 11 बदलूनही फार फरक पडत नाही. वायर टाका. कॅट 6 यूटीपी (धातूचे वेष्टन, म्हणजे शिल्ड, नसलेली नेटवर्क वायर), शुद्ध तांब्याची. बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) मीटरच्या भावाने मिळणारी स्वस्त वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघते. तार ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर परत ठेवा. असली वायर क्रिंप केलेल्या टोकाशी तुटते आणि दोष मग प्लेअरला लागतो. शिल्ड असलेली वायर घरात नको. साध्या यूटीपीत दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मरचे विलगीकरण असते, शिल्डमुळे राउटरचे आणि अँपचे अर्थिंग जोडले जाऊन घूं आवाज यायची शक्यता वाढते.

विजेचे तीन मुद्दे. पायला 5.1 व्होल्ट/3 अँपिअरचाच अडॅप्टर द्या. मोबाइलच्या चार्जरवर आणि बारीक वायरवर व्होल्टेज 4.63 च्या खाली गेले की पाय वेग कमी करतो आणि यूएसबी डॅक मधेच गायब होतो. टीव्ही जोडलेला नसल्याने इशाऱ्याचे विजेचे चिन्ह कोणाला दिसतच नाही. दुसरे, राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. नाहीतर दोन सेकंद लाईन गेली तरी राउटर उठून नेट परत येईपर्यंत कितीतरी मिनिटे शांतता. तिसरे, घरचा इन्व्हर्टर. मागे यूपीएस/नॉर्मल असे बटन असते, ते यूपीएसवर ठेवले तर पाय रीस्टार्ट होत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँपचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, त्याला प्लेअर काही करू शकत नाही.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत हे सापडत नाही. बाहेर पारा 45 च्या पुढे असताना बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात पाय ठेवला तर तो 80 अंशांजवळ जाऊन आपला वेग आवरता घेतो. नुसते फ्लॅक वाजवायला प्रोसेसरला काहीच श्रम नाहीत, पण अपसॅम्पलिंग (दर वाढवून वाजवणे) किंवा रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारणे) लावले असेल तर मे महिन्यात ते बंद करा. प्लॅस्टिक किंवा ॲक्रेलिकच्या डब्यापेक्षा सगळे अंगच हीटसिंक असलेला ॲल्युमिनियमचा डबा चांगला. पंखा नको, तो धूळ ओढतो आणि आलापात ऐकू येतो. अँपच्या डोक्यावर डॅक ठेवू नका.

आणि कूलर. त्याच्या वाऱ्याच्या रेषेत हा संच कधीही नको. ओल आणि खारट पाण्याची पांढरी पूड आरसीए पिनांवर (डॅक आणि अँप जोडणाऱ्या वायरीच्या) बसते, मग एक बाजू खरखरू लागते. पंपाचा किंवा मोटरचा खटका दाबला की स्पीकरमधून टक् असा आवाज येतो किंवा डॅकची सिग्नलवरची पकड क्षणभर सुटते. कूलर वेगळ्या बोर्डावर घ्या, आरसीए वायर मीटरभराच्या आत ठेवा आणि कूलरच्या वायरीला समांतर नेऊ नका. एवढे करूनही टक् राहिला तर डॅकला ऑप्टिकलने (प्रकाश नेणाऱ्या वायरीने) जोडा. पायला ऑप्टिकल भोक नसते, त्यासाठी वेगळा बोर्ड लागतो; आणि ऑप्टिकलवर 96 खात्रीने चालते, 192 वर अनेक जोड्या रुसतात.

आवाजातला फरक? एकाच मास्टरची 16/44.1 आणि 24/96 फाइल ओळखून दाखवा म्हटले तर मी पैज लावणार नाही. 16 बिटांत 96 डेसिबलचा पल्ला असतो आणि कूलर चालू असलेल्या खोलीत त्यातला बराचसा कूलरच खातो. जुन्या मोनो टेपवरचे नाट्यसंगीत 24 बिटांत आले तरी टेपची सरसर तेवढी जास्त स्वच्छ ऐकू येते, इतकेच. स्पीकरची जागा भिंतीपासून फूटभर पुढे ओढल्याने जे बदलले ते कुठल्याही दराने बदलले नाही.

फक्त ॲपल म्युझिक ऐकणाऱ्याने पाय घेऊ नये. जुना आयफोन किंवा आयपॅड, 8 ते 15 हजारांतला यूएसबी डॅक आणि कॅमेरा अडॅप्टर एवढ्यात काम होते. गैरसोय एवढीच की गाणे बदलायला उठून जावे लागते. ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइलींचा साठा आहे त्यांनी पाय जरूर घ्यावा, आणि पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की प्लग भिंतीतून काढावा. फायबरच्या काचेतून झटका येत नाही, पण छतावरच्या डिशची किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून अँपपर्यंत पोचलेली असते. तीही काढा.