गालाचा खड्डा कायमचा भरून देतो म्हणून सव्वा लाख घेतले (बडोदा)

माझ्या नणंदेची मुलगी, वय २२. कपाळावरून भुवईकडे येणारी एक उभी खोलगट रेघ आणि त्याच बाजूचा गाल बसलेला. लोकलाइज्ड स्क्लेरोडर्मा, त्यातला लिनिअर प्रकार, म्हणजे कातडी कडक होते, खालची चरबी आटत जाते, कधीकधी हाडापर्यंत. स्किनच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट चालू केलेलं, आजार आटोक्यात ठेवायला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, आणि आजार पूर्ण शांत होऊन निदान वर्षभर तसाच राहिला की मगच सर्जरीचं बघू म्हणाले होते. पण घरात स्थळं बघणं सुरू, वन्संना कुठला धीर धरवतोय!

अलकापुरीकडच्या एका क्लिनिकची जाहिरात फोनवर आली (नाव लिहीत नाही, केस चालू आहे). तिथली काउन्सेलर एकदम गोड, "बेन, टेन्शन ना लो", पोरीच्याच चरबीतल्या स्टेम सेल (मूळ पेशी) टाकून एका सिटिंगमध्ये गाल कायमचा भरतो, गॅरंटी आमची, आजच बुकिंग केलं तर डिस्काउंट. जुने रिपोर्ट उघडलेसुद्धा नाहीत, वर गोळी बंद करा म्हणाले, ती म्हणे सेल मारते.

त्या दिवशी झालं काय तर हातातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि तेच गालात टोचलं. गाल सुजला, भरल्यासारखा दिसला, लगेच फोटो काढला, सगळे खूश. आठवड्याभरात सूज उतरली आणि खड्डा होता तिथेच. क्लिनिकवाले म्हणे दुसरं सिटिंग घ्या, त्याचे वेगळे. तोवर गोळी बंद असल्याने रेघ भुवईत उतरली, भुवईचे केस गळायला लागले. ह्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

शेवटी एका प्लास्टिक सर्जनकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, पोटावर किंवा मांडीवर चरबी काढल्याची खूण दाखव. खूणच नाही! चरबी भरायची तर ती अंगातूनच बारीक नळीने ओढून काढावी लागते, रक्तात कुठून येणार? जे टोचलं ते पीआरपी, म्हणजे रक्त फिरवून वेगळा काढलेला प्लेटलेटवाला पातळ भाग, केस गळतात त्यांना डोक्यात देतात तेच. खरी चरबी भरली तरी त्यातली बरीच जिरते, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं, आणि खड्डा फार मोठा असेल तर दुसरीकडचं मांस रक्तवाहिनीसकट आणून जोडतात. एकदाच आणि कायमचं असं कोणताच सर्जन लिहून देत नाही म्हणाले.

बिलावर फक्त 'एस्थेटिक सर्व्हिस' लिहिलंय. केसपेपर लेखी मागितले, नियमाने ७२ तासांत द्यायला हवेत, अजून दिलेले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, त्याला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा कोणाचं असं झालं असेल तर बसून राहू नका, पावत्या आणि चॅट जपून ठेवा. गोळी डॉक्टरांनी परत सुरू केलीय.

आणि हद्द म्हणजे सुजलेल्या दिवशीचा तो फोटो आता त्यांच्या जाहिरातीत 'आफ्टर' म्हणून फिरतोय, डोळ्यांवर नुसती काळी पट्टी लावून. आमच्या सोसायटीतल्या बाईंनी ओळखली पोरीला. तो काढायला लावायची वेगळी नोटीस वकील ह्या आठवड्यात पाठवतायत.