किरायाची खोली आणि लेकराची शाळा: तोंडी बोली, नोटरी की नोंदणी?

नागपुरात किरायानं राहणाऱ्या आणि येत्या वर्षी लेकराला शाळेत टाकणाऱ्या आईबापांसाठी हे लिहितेय. खोली घेताना घरमालकाशी व्यवहार तीन तऱ्हांनी होतो. एक नुसती तोंडी बोली, दुसरा नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प आणि तिसरा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार. एरवी यातलं काहीही चालून जातं. शाळेसाठी पत्ता दाखवायची वेळ आली की मग फरक कळतो.

मी दरवर्षी आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत फुकट प्रवेशाचे, फॉर्म भरून देते. एका हंगामात पारडीकडून एक बाप आला. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा. मुलीला चांगल्या शाळेत जागा लागली होती. त्यानं पिशवीतून जपून कागद काढला. वर लॅमिनेशन, खाली गोल लाल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. पडताळणीत तो कागद परत आला होता. "मॅडम, शिक्का हाये, वकिलाची सही हाये, मंग हा पक्का काहून नाही?" कागदात खोटं काहीच नव्हतं. तो बायकोपोरांसह त्याच खोलीत राहत होता. पण करार नोटरीचा होता, नोंदणीचा नव्हता. घरातल्या बाकी सगळ्या कागदांवर पत्ता गोंदिया जिल्ह्यातल्या गावचा. मुलीची जागा गेली.

शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 12 नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात आणि आठवीपर्यंत फुकट शिकवावं लागतं. आपल्या राज्यात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना ती अट नाही. 2024 मध्ये सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे या जागा आहेत. पण जागा घरापासूनच्या अंतरावर मिळते, म्हणून घर कुठे आहे हे सिद्ध करावं लागतं. रेशन कार्ड, मतदार कार्ड यांवर नागपूरचा पत्ता असेल तर तुमचं काम बहुतेक भागतं. तसं नसेल तर उरतो भाडेकरार, आणि तो नोंदणीकृतच लागतो. तोही फॉर्म भरण्याआधीचा आणि किमान 11 महिन्यांचा.

आता तिन्ही तऱ्हा शेजारीशेजारी ठेवून पाहू.

तोंडी बोली

वाठोडा, हिवरी नगर, यशोधरा नगर, टेका नाका, कुठंही जा, गरिबाची खोली अशीच मिळते. दोन हजार ॲडव्हान्स हातात द्यायचा आणि सामान आणायचं. खर्च शून्य. लोकांना वाटतं, कागद नाही म्हणजे आपला हक्कही नाही. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू. त्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्यानं तो केला नाही तर अटींबद्दल किरायेदार सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किरायाची पावती मागण्याचा हक्क आहे. किराया वेळेवर देणाऱ्याला मनात आलं म्हणून बाहेर काढता येत नाही, आणि कारण नसताना पाणी-वीज तोडता येत नाही. पोरगी दहावीच्या पेपरला बसलेली असताना खोलीचा फ्यूज काढून नेणारे घरमालक मी पाहिलेत. ते कायद्याच्या विरुद्ध आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

पण हा हक्क कोर्टात उभा राहिल्यावर कामाचा. शाळेच्या पडताळणीत तुमची बोली कोण ऐकणार? आणि पावत्या नसतील तर कोर्टातही दमछाक होते. एक बाई पोराच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला किराया लिहून घरमालकिणीची सही घेत असे. तुमच्याकडे काहीच नसेल तर निदान एवढं तरी आजपासून सुरू करा.

नोटरीचा स्टॅम्प

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पैसे जातात आणि हाती भरवसा आल्यासारखं वाटतं, पण नोंदणीची जागा नोटरी घेऊ शकत नाही. "11 महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही," असं स्टॅम्पवाले सर्रास सांगतात. 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही 11 महिन्यांची सवय पडली. आपल्या राज्यात मात्र कलम 55 मुळे मुदत कितीही असो, नोंदणी लागते. आरटीईसाठी हा कागद करू नका, पैसे वाया जातील.

नोंदणीकृत करार

हा बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. महापालिकेच्या हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या 0.25 टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेही मिळवतात. महिना 4,000 किराया आणि 10,000 डिपॉझिट असेल तर 11 महिन्यांचं शुल्क शंभर-सव्वाशेच्या आसपास बसतं. एजंटचे पैसे वेगळे. काम ऑनलाइन होतं, दोघांचा आधारचा अंगठा लागतो.

करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो. मग दरवर्षी हजार रुपये का भरायचे? 36 महिन्यांचा केला तर फी एकदाच, आणि वरच्याच हिशेबानं शुल्क पावणेचारशेच्या आसपास. घरमालक तयार असेल तर हेच करा.

याचा तोटाही तेवढाच स्पष्ट सांगते. लायसन्सवर राहणाऱ्याला किरायेदाराचं संरक्षण मिळत नाही. मुदत संपली की खोली सोडावी लागते, आणि अडून बसलात तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. तोंडी बोलीवर वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहिलेल्यानं हा कागद करताना आपलं जुनं किरायेदारीचं बळ सोडतोय का, हे आधी वकिलाला विचारावं. सल्ला फुकट मिळतो. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 वर फोन करता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मदत आहे.

घरमालकच तयार होत नाही, ही खरी अडचण. "रजिस्टर केलं तं तू घरच बळकावशील." त्यांना शांतपणे सांगा की कलम 24 त्यांच्याच बाजूचं आहे आणि कागद नसेल तर कलम 55 तुमच्या बाजूचं. नोंदणीनं त्यांचं घर जास्त सुरक्षित होतं. फी तुम्ही भरतो म्हणालात तर बरेच जण ऐकतात.

माझं मत विचाराल तर असं. लेकरू शाळेच्या वयाचं होतंय, कोणत्याही कागदावर नागपूरचा पत्ता नाही आणि या खोलीत नुकतेच आलात, तर नोंदणीच करा. पंधरा-वीस वर्षं एकाच खोलीत असाल तर पावत्या जमवा आणि आधी रेशन कार्डाचा पत्ता बदलून पाहा. काम बांधकामावरचं आहे आणि दर चार महिन्यांनी मुक्काम हलतो, तर आरटीईच्या मागे लागू नका. जवळच्या महापालिकेच्या शाळेत थेट जा. तिथं भाडेकरार लागत नाही. वयाचा दाखला नाही म्हणून किंवा वर्ष सुरू होऊन गेलं म्हणून मुलाला नाकारता येत नाही, हे त्याच 2009 च्या कायद्यात लिहिलंय. आणि गल्लीत कुणी दुसऱ्याच्या घराच्या पत्त्यावर करार करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, पडताळणीत उघड झालं की प्रवेश रद्द होतो.

फॉर्म साधारण जानेवारीच्या सुमारास सुटतात. घरमालकाशी बोलणं दिवाळीतच काढा, फराळाचं ताट घेऊन गेलात तरी चालेल. करार हातात आला की सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: तुमचं नाव लेकराच्या जन्मदाखल्यावर आहे तसंच आहे का, घर क्रमांक बरोबर आहे का, आणि सुरुवातीची तारीख फॉर्मच्या आधीची आहे का. पारडीचा तो बाप पुढच्या वर्षी धाकट्याचा फॉर्म भरायला आला, तेव्हा त्यानं माझ्याआधी तारखेवरच बोट ठेवलं.