शाडूची मूर्ती की प्लास्टर ऑफ पॅरिसची?

पेणच्या कारखान्यांत गणेशमूर्ती शाडूच्याही घडतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्याही. मखरात त्या सारख्याच दिसल्या, तरी विसर्जनानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

शाडू ही बारीक कणांची माती असून तिची न भाजलेली मूर्ती पाण्यात काही तासांतच विरते. प्लास्टर म्हणजे जिप्सम तापवून त्यातील बहुतांश पाणी काढून टाकलेली भुकटी. ती भिजवली की पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते आणि जिप्सम पाण्यात अत्यल्प विरघळत असल्यामुळे मूर्तीचे अवशेष महिनोन्महिने तळाशी पडून राहतात, पाण्याची कठीणता वाढवतात व तळातील जीवांचा अधिवास झाकून टाकतात. रंगांत शिशासारखे जड धातू असतील, तर ते पाण्यात उतरून माशांच्या शरीरात साठू शकतात. शिशाचा मोठा धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला असतो. मात्र तोच रंग शाडूवर दिला, तर तीही मूर्ती निर्दोष उरत नाही, हे सहसा विसरले जाते. शिवाय लहानशा तळ्यात शेकडो शाडूच्या मूर्ती सोडल्या, तर गाळ साचतोच.

प्लास्टर हलके आणि स्वस्त, शाडू जड आणि नाजूक, हे मान्य. तरीही घरच्या फूटभर मूर्तीसाठी नैसर्गिक रंगांतली शाडूच घ्यावी आणि तिचे विसर्जन बादलीत करावे, असे माझे मत आहे. प्लास्टरची मूर्ती आधीच आणली असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीने ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विघटित करता येते. त्यातून तयार होणारे अमोनियम सल्फेट खत म्हणून झाडांना चालते.