तासाला १५० डॉलर घेणारी रुग्णमित्र: न्यू जर्सीतील आमचा अनुभव

आमच्या बारा वर्षांच्या मुलाला क्रोन्स हा आतड्यांचा चिवट आजार आहे. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध त्याला दर आठ आठवड्यांनी शिरेतून दिले जात असे. गेल्या वर्षी सहाव्या आठवड्यातच पोटदुखी आणि जुलाब उचल खाऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी हे अंतर सहा आठवड्यांवर आणले. विमा कंपनीने मात्र ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असे कळवून मंजुरी नाकारली. रुग्णालयाची केस मॅनेजर विनामूल्य मदत करते, पण ती पगार रुग्णालयाचा घेते. म्हणून आम्ही स्वतंत्र पेशंट ॲडव्होकेट, म्हणजे रुग्णाच्या बाजूने विमा कंपनीशी बोलणारी व्यक्ती, नेमली. आपल्याकडच्या रुग्णमित्रासारखेच काम, फक्त येथे तासाचे पैसे मोजावे लागतात आणि ते विम्यातून मिळत नाहीत.

या कामाला परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. आम्ही २०१८ पासून सुरू झालेली बोर्ड सर्टिफाइड परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्तीच शोधली.

बाईंचा पहिलाच प्रश्न होता, दाव्यांचे पैसे विमा कंपनी भरते की तुमची नोकरीची कंपनी? इतकी वर्षे पगारातून हप्ता कापला जात असूनही आम्हा दोघांना उत्तर ठाऊक नव्हते. नोकरीची कंपनी स्वतः भरत असेल, तर योजना केंद्रीय कायद्याखाली येते आणि राज्याच्या विमा खात्याकडे दाद मागता येत नाही. आमची योजना तशीच निघाली, आणि आम्ही नेमके त्याच खात्याला लांबलचक पत्र लिहीत बसलो होतो. नकाराविरुद्ध अपील करण्याच्या १८० दिवसांच्या मुदतीपैकी सत्तर दिवस तोवर सरले होते.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. फोन स्पीकरवर ठेवून त्या आधी समोरच्याचे नाव आणि संदर्भ क्रमांक वहीत टिपत, मगच विषयाला हात घालत. रक्तातील औषधाची घटलेली पातळी आणि शौचातील वाढलेले कॅलप्रोटेक्टिन (आतड्यांना सूज असल्याची खूण) दाखवणारे अहवाल डॉक्टरांकडून मागवून त्यांनी ते विमा कंपनीच्याच धोरणातील कलमाशेजारी मांडले. अपील मान्य झाले.

तक्रार एकच: साडेनऊ तासांच्या १,४२५ डॉलरमध्ये होल्डवरचे संगीत ऐकण्याचा वेळही धरला होता, आणि तसे करारात लिहिलेले होते, जे आम्ही वाचले नव्हते. बिलातील साध्या चुकीसाठी एवढा खर्च करू नये.

मंजुरी वर्षभरापुरतीच आहे. ती वही त्यांनी आम्हाला दिली असल्यामुळे पुढचा अर्ज आम्हीच लिहिणार आहोत.