पोटाच्या जुनाट तक्रारीकडे नीट पाहणारा दवाखाना

सोलापूरच्या पूर्व भागातील या लहानशा दवाखान्यात सर्दी-तापाचे, बीपी-शुगरचे, यंत्रमागावर हाताला लागलेले असे सगळ्याच प्रकारचे रुग्ण येतात आणि एकट्या डॉक्टर मॅडम त्यांना तपासतात. हा अभिप्राय मात्र मी एकाच अनुभवापुरता लिहीत आहे. माझ्या विशीतल्या भाच्याला असलेला क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार येथे वेळेत हेरला गेला.

भाचा टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. बेंबीच्या उजव्या बाजूला खाली दुखणे आणि पातळ शौच होणे हे बरेच महिने चालले होते. आधीच्या ठिकाणी त्याला कधी जंतांचे, कधी आवेचे, कधी ॲसिडिटीचे औषध मिळाले. दर वेळी थोडे बरे वाटे आणि पुन्हा तेच सुरू होई. घरात आम्ही सगळा दोष शेंगाचटणीला आणि बाहेरच्या खाण्याला देत होतो.

मॅडमनी औषध लिहिण्याआधी प्रश्न विचारले, आणि या दवाखान्याचे खरे मोल मला त्या प्रश्नांतच दिसते. "रात्री झोपेतून उठून जावं लागतं का रे?" हा पहिला प्रश्न होता. नुसत्या चिडखोर आतड्याचा, म्हणजे आयबीएसचा, त्रास सहसा माणसाला झोपेतून उठवत नाही, हे त्यांनी नंतर समजावले. वजन किती उतरले, बारीक ताप येतो का, तोंडात वारंवार फोड येतात का, सांधे दुखतात का, सिगारेट ओढतोस का, घरात कोणाला असा आजार किंवा टीबी झाला आहे का, हेही त्यांनी विचारले. गुदद्वाराजवळच्या ज्या गळवाला भाचा मूळव्याध समजून लाजेने लपवत होता, तेही त्यांनी न संकोचता तपासले आणि ते भगंदराचे, म्हणजे आतून कातडीपर्यंत पडलेल्या नळीसारख्या वाटेचे, तोंड असू शकते, असे स्पष्ट सांगितले. तीन महिन्यांत वजनात पाच टक्के किंवा त्याहून अधिक घट, रात्रीचे जुलाब आणि भगंदर ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर नुसती औषधे बदलत राहणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

तपासण्याही त्यांनी मोजक्याच लिहिल्या. रक्तात हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट वाढलेल्या आणि शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी चढलेला होता. मात्र सीआरपी नॉर्मल आला असता तरी हा आजार नाही असे म्हणता आले नसते, हेही त्यांनी सांगून ठेवले. जंतुसंसर्गासाठी शौचाची साधी तपासणी झाली आणि तिच्यासोबत कॅलप्रोटेक्टिनची. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधले हे प्रथिन शौचात उतरते. एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास सूज असण्याची शक्यता फार थोडी असते आणि 250 च्या वर गेल्यास पुढची तपासणी टाळू नये. भाचा पाठदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेत होता. त्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो, म्हणून नमुना देण्याआधी त्यांनी त्या बंद करायला लावल्या. इतका बारकावा मी आधी कोणाकडे पाहिला नव्हता. ही चाचणी साध्या रक्ततपासणीपेक्षा बरीच महाग आहे, पण खर्च कशासाठी आहे हे त्यांनी आधी सांगितल्यामुळे तो आम्हाला जड वाटला नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सूज उतरवणारे स्टेरॉइड स्वतःहून सुरू केले नाही आणि अंदाजाने टीबीची औषधेही दिली नाहीत. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही आजार बहुधा लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथेच बसतात, आणि दुर्बिणीतूनही ते पुष्कळदा सारखेच दिसतात. टीबी असताना स्टेरॉइड दिल्यास तो बळावतो. उलट क्रोन्सला टीबी समजून महिनोन्‌महिने औषधे दिली, तर त्या काळात आतडे अरुंद होत जाऊ शकते. म्हणून त्यांनी छातीचा एक्स-रे काढून घेतला आणि पोटविकारतज्ज्ञांसाठी सविस्तर पत्र दिले, ज्यात तक्रारीचा काळ, वजनाच्या नोंदी, घेतलेली सर्व औषधे आणि भगंदराची शंका असे सगळे होते. तज्ज्ञांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला पाठवले, टीबीच्या चाचण्या केल्या आणि मगच क्रोन्सचे निदान पक्के केले. आतडे अजून आकसलेले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. आजार पूर्ण जात नाही, उपचार दीर्घकाळ घ्यावे लागतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण वजन पुन्हा भरत आहे आणि भाचा कामावर जाऊ लागला आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. संध्याकाळी कारखाने सुटल्यावर येथे फार गर्दी होते, नंबराची चिठ्ठी मिळत नाही आणि बसायला बाके अपुरी पडतात. तपासणीची जागा केवळ पडद्याने वेगळी केलेली आहे. अशा आजारात रुग्णाला जे बोलावे लागते ते शेजारच्यांना ऐकू जाते, तेव्हा तेथे दार बसवणे अत्यंत आवश्यक आहे. मॅडम तेलुगूही बोलतात, त्यामुळे या भागातील वयस्कर मंडळींची मोठी सोय होते. पोटाची जुनी तक्रार घेऊन जाणाऱ्यांनी शक्यतो सकाळी जावे, जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट सोबत ठेवावेत, आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा न्यावीत, कारण मॅडम ती मागतातच.